‘माफ करा, मला समजले नाही’ लिहिणाऱ्यास खुले पत्र

प्रति,
एका बँकेच्या चॅटबॉटमध्ये मराठी भरणारे महोदय,

तुमचं नाव मला ठाऊक नाही आणि बँकेचं नाव मी इथे घेणार नाही. पण तुमचं अक्षर मी ओळखलं आहे. एका शनिवारी संध्याकाळी माझ्या आत्याला ज्या वाक्यानं तीनदा दारातून परत पाठवलं, ते तुम्ही लिहिलंत: ‘माफ करा, मला समजले नाही. कृपया वेगळ्या शब्दांत सांगा.’

आत्या 71 वर्षांची आहे. 34 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाली, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एकटी राहते. त्या दिवशी महिन्याचा दुसरा शनिवार होता, म्हणजे बँक बंद. चौकातल्या एटीएमवर ती 5,000 रुपये काढायला गेली. मशीन बराच वेळ घुरघुरलं, पैसे बाहेर आले नाहीत, कार्ड आतच राहिलं, आणि मिनिटभरात फोनवर मेसेज आला की खात्यातून 5,000 रुपये गेले. तिथे पहारेकरी नव्हता. हेल्पलाइनचा नंबर कार्डाच्या पाठीवर छापलेला, आणि कार्ड मशीनच्या पोटात. भिंतीवर तुमच्या चॅटबॉटचा स्टिकर होता, ‘आता मराठीतही’ असं लिहिलेला. तिनं त्यावर विश्वास ठेवला.

तिनं लिहिलं, ‘नमस्कार. मी आत्ता चौकातल्या एटीएमला आले होते. पैसे कट झाले पण हातात काही आलं नाही आणि कार्डपण मशीननं ठेवून घेतलं.’ तुमच्या बॉटनं उत्तर दिलं, ‘नमस्कार! मी आपली काय मदत करू शकतो?’ तिला वाटलं मेसेज पोचलाच नाही. तिनं लिहिलं, ‘मशीननं कार्ड गिळलं.’ बॉटला समजलं नाही. ‘कार्ड आत अडकलंय.’ समजलं नाही. ‘पैसे मिळाले नाहीत.’ या वेळी त्याला समजल्यासारखं झालं आणि त्यानं तिच्यापुढे वैयक्तिक कर्जाची जाहिरात ठेवली. तिनं पुन्हा एकदा, यंत्राला समजावं म्हणून पुस्तकी भाषेत, सावकाश टाइप करून सगळं सांगितलं. पुन्हा समजलं नाही.

मग तिनं मला फोन केला. पैसे गेले, कार्ड गेलं, हे तिनं नंतर सांगितलं. पहिलं वाक्य होतं, ‘अगं, मला नीट सांगता येत नाहीये वाटतं.’

महोदय, तुमच्यावरचा माझा आरोप याच वाक्याचा आहे. ज्या बाईनं तीन पिढ्यांच्या पोरांना बोलतं केलं, तिला तुम्ही वीस मिनिटांत स्वतःच्या मराठीबद्दल शंका घ्यायला लावलीत. चूक तुमची होती आणि लाज तिला वाटली.

मी पुण्यात हेच काम करते. गेली 9 वर्षं चॅटबॉटसाठी इंटेंट ठरवते, त्यांची वाक्यं गोळा करते, ती एपीआयमधून (एका प्रोग्रामनं दुसऱ्याशी बोलण्याच्या वाटेनं) चढवते. म्हणून रविवारी मी तुमच्या बॉटपुढे बसले आणि त्याला साठेक वाक्यं विचारली. ‘माझे कार्ड एटीएमद्वारे गिळले गेले आहे’ असं लिहिलं, तर क्षणात योग्य उत्तर आलं, कार्ड बंद करण्याच्या बटणासकट. म्हणजे सोय होती. दार होतं, दारामागे माणूसही होता. फक्त ते दार ‘द्वारे गिळले गेले आहे’ असं म्हणणाऱ्यालाच उघडत होतं. महाराष्ट्रात असं कोण बोलतं? एटीएमसमोर घाबरून उभं राहिलेल्या माणसाच्या तोंडून ‘द्वारे’ आलेलं तुम्ही कधी ऐकलंत?

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द सांगते. चॅटबॉटच्या कामात ‘इंटेंट’ म्हणजे बोलणाऱ्याच्या मनातला हेतू. ‘कार्ड अडकलं’ हा एक, ‘पैसे कट झाले पण आले नाहीत’ हा दुसरा, ‘शिल्लक सांगा’ हा तिसरा. प्रत्येक इंटेंटखाली माणसं तो हेतू कशी बोलून दाखवतात, त्याची नमुना वाक्यं द्यायची असतात. यंत्र त्या वाक्यांवरून शिकतं आणि नवं वाक्य आलं की ते कशाच्या जवळ जातं, याचा अंदाज करतं. अंदाज ठरलेल्या आकड्यापर्यंत पोचला नाही, तर ‘समजले नाही’ हे राखीव उत्तर जातं. याला आम्ही फॉलबॅक म्हणतो. थोडक्यात, यंत्राला तेवढीच मराठी येते जेवढी कुणीतरी त्याच्या कानावर घातलेली असते. तुमच्या यंत्राच्या कानावर तुम्ही भाषांतर घातलंत.

ते कसं घातलंत, हेही मला दिसतं. इंग्रजी इंटेंटची यादी तयार होती. ती भाषांतराच्या यंत्रातून काढली आणि एका स्क्रिप्टनं एपीआयला लावली. एकेक इंटेंट हातानं भरायला दिवस लागतात, प्रोग्रामनं शेकडो इंटेंट एका विनंतीत जातात. एपीआयनं ‘यशस्वी’ असं उत्तर दिलं आणि तुम्ही ते खरं मानलंत. पण एपीआय फक्त मांडणी तपासतो. कंस जुळले, रकाने भरले, की त्याचं काम संपलं. हे वाक्य कुणी माणूस बोलतो का, हे तो विचारत नाही. ते विचारायला तुम्हाला ठेवलं होतं.

या कामातले खड्डे मला पाठ आहेत, कारण त्यांतले काही मीही अनुभवले आहेत. चॅटबॉट बनवण्याच्या गूगलच्या डायलॉगफ्लो या साधनाचं उदाहरण घ्या. इंटेंट पाठवताना भाषेचा कोड लिहायचा राहिला, तर ती वाक्यं बॉटच्या मूळ भाषेत जमा होतात. मूळ भाषा इंग्रजी असेल, तर सगळी मराठी इंग्रजीच्या खणात जाऊन पडते, आणि एपीआय काही बोलत नाही. दुसरा खड्डा याहून वाईट. आधीचा इंटेंट एपीआयमधून मागवला, की साधारणपणे त्याची नमुना वाक्यं सोबत येत नाहीत. पूर्ण प्रत हवी, असं वेगळं सांगावं लागतं. ते न सांगता आलेली अर्धी प्रत कुणी बदलून परत चढवली आणि नेमका कुठला भाग बदलायचा हेही लिहिलं नाही, तर आधीची वाक्यं पुसली जातात. कुणीतरी महिनाभर बसून जमवलेली माणसांची बोली एका ओळीत जाते. म्हणून या कामात चढवलेलं पुन्हा उतरवून वाचायचं असतं. तुम्ही चढवलेली मराठी एकदा तरी उतरवून, मोठ्यानं वाचली असतीत, तर ‘गिळले गेले आहे’ तुमच्याच कानाला टोचलं असतं.

आता मराठीबद्दल. ती भाषांतराच्या साच्यात का बसत नाही, हे तुम्ही शाळेत शिकला आहात, फक्त कामावर येताना घरी ठेवून आलात. आपण शब्दाचं सामान्यरूप करतो आणि त्याला प्रत्यय लावतो. खातं, खात्यात, खात्यातून, खात्यातले, खात्यावरचे. पैसे, पैशांचं, पैशांसाठी. इंग्रजीत जो शब्द जवळपास तसाच राहतो, तो आपल्याकडे वाक्यागणिक रूप बदलतो. नमुन्यात एकच रूप दिलं, तर उरलेली सगळी यंत्राला अनोळखी राहतात. त्यात लिहिण्याची आणि बोलण्याची तऱ्हा वेगळी. पुस्तकात ‘कार्ड अडकले’, तोंडात ‘अडकलं’, घाईत ‘अडकलंय’. तुमच्या सगळ्या वाक्यांत ‘अडकले’ आणि ‘गिळले’ आहे. तुमचा बॉट वर्तमानपत्राशी बोलायला तयार आहे, माणसांशी नाही.

मग बोली. विदर्भात कार्ड ‘फसतं’. खानदेशापासून नागपुरापर्यंत पैसे ‘भेटत’ नाहीत. कोकणात ते ‘गावत’ नाहीत. कोल्हापूरकडे ‘पैसं आलं न्हाईत’. आणि सगळ्या महाराष्ट्रात पैसे ‘कट’ होतात. तुमच्या बॉटला ‘कट’ हा शब्द माहीत नव्हता! मी तपासलं. ‘माझ्या खात्यातून रक्कम वजा झाली’ त्याला कळतं, ‘पैसे कट झाले’ कळत नाही. भाजीवाल्यापासून तहसीलदारापर्यंत सगळे जो शब्द वापरतात, तोच इंग्रजी आहे म्हणून तुमच्या शुद्ध भाषांतरातून गळला. शिवाय पुष्कळ तरुण मंडळी मराठी रोमन लिपीत टाइप करतात. ‘झाले’ कुणी झेडनं लिहितं, कुणी जेनं, कुणी जेएचनं. त्यांना तर तुम्ही मोजलंच नाहीत.

आणि बोलण्याची रीत. आपल्याकडे वडीलधारी माणसं आधी नमस्कार करतात, मग कुठे होतो, कशाला गेलो होतो ते सांगतात, आणि दुखणं शेवटी येतं. हा सभ्यपणा आहे, समोरच्याला आपल्या जागी उभं करून मग मागणं मागायचं. तुमचा बॉट ‘नमस्कार’ला अडकला आणि उरलेल्या दोन वाक्यांवरून नजर फिरवून पुढे गेला. आत्यानं बँकेशी सभ्यपणे बोलण्याची चूक केली, एवढाच त्याचा अर्थ निघतो, आणि तो मला मान्य नाही.

‘शेवटी पैसे मिळाले ना?’ असं तुम्ही विचाराल. मिळाले. मी रात्री हेल्पलाइनवर कार्ड बंद करून घेतलं, सोमवारी ती शाखेत गेली, तक्रार लिहून दिली, चौथ्या दिवशी 5,000 रुपये खात्यात परत आले. पण तुमच्या उत्तरामुळे काय होऊ शकलं असतं, ते ऐका. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या परिपत्रकानुसार एटीएमनं पैसे कापून दिले नाहीत, तर बँकेनं ते व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत परत जमा करायचे, नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची. 2017 च्या परिपत्रकानुसार त्रयस्थ माणसानं खात्यातून परस्पर पैसे काढले आणि त्यात चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तर ग्राहकानं 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं की त्याच्यावर काही जबाबदारी येत नाही. 4 ते 7 दिवस लावले, तर थोडा भार त्याच्यावर येतो. आणखी उशीर झाला, तर बँकेच्या धोरणावर. म्हणजे इथे ‘कळवणं’ या क्रियेला पैशात किंमत आहे. घड्याळ चालू असतं.

आणि ‘समजले नाही’ या उत्तराला तक्रार क्रमांक नसतो. आत्यानं पाच वेळा कळवलं, बँकेच्या दप्तरी ती एकदाही आली नाही. तिच्या जागी हॅकरनं खातं रिकामं केलेला एखादा दुकानदार असता आणि त्यानं तुमच्या बॉटवर विसंबून तीन दिवस घालवले असते, तर ते पैसे कुणाच्या पदरातून गेले असते? भाषेची चूक म्हणून हे हसण्यावारी नेता येणार नाही.

कर्जाच्या जाहिरातीचा हिशेब तर याहून वाईट. तुमच्या पडद्यावर ते ‘समजलेलं’ संभाषण म्हणून जमा झालं असेल. किती खात्री झाली की यंत्रानं बोलायचं, हा आकडा माणूस ठरवतो. डायलॉगफ्लोच्या जुन्या आवृत्तीत तो मुळात 0.3 असतो. तो खाली आणला, की ‘समजले नाही’ची संख्या घटते आणि चुकीची उत्तरं वाढतात. अहवालात सुधारणा दिसते, ग्राहकाला कर्ज दिसतं. एक आकडा फिरवून अपयशाला यशाच्या रकान्यात सरकवता येतं, हे आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. ज्याला माहीत आहे त्यानं ते करू नये.

तुमची अडचण मला समजते. मराठीची तयार वाक्यं मिळत नाहीत. बँकेच्या प्रश्नांचा ‘बँकिंग77’ नावाचा संच 2020 मध्ये खुला झाला. त्यात 77 इंटेंट आणि 13,083 प्रश्न आहेत, म्हणजे एका इंटेंटमागे सरासरी 170 वाक्यं. मशीननं कार्ड गिळण्याचा वेगळा इंटेंटही त्यात आहे. पण सगळं इंग्रजीत. 2022 मध्ये ॲमेझॉननं ‘मॅसिव्ह’ हा संच 51 भाषांत काढला. त्यात हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, उर्दू आहेत. चार लाखांहून कमी लोकांच्या देशाची आइसलँडिक आहे, वेल्श आहे. 2011 च्या जनगणनेत 8 कोटी 30 लाख लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली मराठी त्यात नाही. हे वाचून मलाही चीड येते. पण ही चीड काम करून फेडायची असते. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटानं मराठीसाठी महाबर्ट हे भाषाप्रारूप बनवून 2022 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. कुणी हात चालवतं, कुणी कारण देतं. तुम्ही कारण दिलंत.

आणि वाक्यं नव्हती, हेही खरं नाही. तुमच्या बँकेच्या प्रत्येक शाखेत ‘चौकशी’ची खिडकी आहे. तिथे रोज सकाळी साडेदहापासून माणसं आपापल्या शब्दांत आपली अडचण सांगतात. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीनं 1990 च्या दशकात ‘मी काय मदत करू?’ असं विचारून फोन योग्य विभागाकडे वळवणारी यंत्रणा बांधली, तेव्हा त्यांच्या संशोधकांनी 10,000 खऱ्या संभाषणांवर काम केलं. माणसं काय बोलतात ते आधी, इंटेंटचे खण नंतर. तुमच्याकडे त्याहून चांगली साधनं आहेत, आणि तुम्ही त्या खिडकीपाशी एक तास उभे राहिला नाहीत.

मी एपीआयला दोष देत नाही. तोच एपीआय मी वापरते. न समजलेली वाक्यं रोज रात्री उतरवून घेता येतात, त्यांतून नाव, खाते क्रमांक पुसून सकाळी माणसाला वाचायला देता येतात, योग्य इंटेंटखाली संध्याकाळी चढवता येतात. त्यासाठी वीस ओळींचा प्रोग्राम पुरतो. चांगल्या माणसाच्या हातात हे साधन म्हणजे ऐकण्याची नळी आहे. तुम्ही त्यातून फक्त ओतलंत.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. एक, प्रत्येक इंटेंटची मराठी वाक्यं मराठी बोलणाऱ्यांकडून गोळा करा, वेगवेगळ्या जिल्ह्यांतून, बायकांकडून, म्हाताऱ्यांकडून, आणि भाषांतरातली वाक्यं काढून टाका. दोन, जी वाक्यं शिकवलीत त्यांच्यावरच परीक्षा घेऊ नका. परीक्षेची वाक्यं वेगळी ठेवा. तीन, दोनदा समजलं नाही तर तिसऱ्यांदा माणूस जोडून द्या, आणि पैसे किंवा कार्ड हे शब्द आले असतील तर पहिल्यांदाच जोडा. चार, प्रत्येक ‘समजले नाही’ला क्रमांक द्या, म्हणजे ती तक्रार होईल. पाच, ‘कृपया वेगळ्या शब्दांत सांगा’ हे वाक्य आजच्या आज काढा. शब्द बदलण्याची जबाबदारी तुमची आहे, ग्राहकाची नाही. तिथे लिहा: ‘हे समजून घेण्यात मी कमी पडलो. तुम्हाला माणसाशी जोडून देतो.’

हे पत्र मी रागात सुरू केलं होतं. ते संपवायला महिना लागला, कारण मध्ये आत्यानं एक काम काढलं. तिला मी सगळं समजावून सांगितलं होतं, इंटेंट म्हणजे काय, वाक्यं कशी लागतात. ती गप्प ऐकत होती. नंतर तिनं एक दोनशे पानी वही घेतली आणि तिच्या भजनी मंडळातल्या, भिशीतल्या, जुन्या शाळेतल्या माणसांना एकच प्रश्न विचारत फिरली: ‘मशीनमध्ये तुमचं कार्ड अडकलं, तर बँकेला काय सांगाल?’ ज्यानं जसं सांगितलं तसं लिहिलं. तिनं एकाचंही शुद्धलेखन सुधारलं नाही, आणि तिच्यासारख्या शिक्षिकेला ते किती जड गेलं असेल, ते मला माहीत आहे.

वहीत 31 माणसांची 31 वाक्यं आहेत. कुठलीही दोन सारखी नाहीत. एकातही ‘द्वारे’ नाही.

त्या वहीच्या पानांचे फोटो या पत्रासोबत तुमच्या बँकेला पाठवत आहे. आत्या आता मेसेज करत नाही. लहानसहान कामालाही रिक्षा करून शाखेत जाते आणि रांगेत उभी राहते. ती वाक्यं चढवा. मग भाषेचा कोड तपासा, चढवलेलं उतरवून मोठ्यानं वाचा, आणि मला कळवा. तिच्या फोनवरून पहिला मेसेज मी तिलाच करायला सांगेन. ती ‘नमस्कार’नंच सुरुवात करेल. त्याची तयारी ठेवा.

आपली,
त्याच आत्याची भाची
पुणे